दुसरं तीर्थ

लहानपणी नैवेद्याच्या ताटाचा वास घेतला म्हणून आईने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. देवाच्या आधी आपण वास घेतला तर नैवेद्य उष्टा होतो, असं तिचं म्हणणं. पण माझं नाक तेव्हापासूनच आगाऊ. दूध उद्या नासणार असेल तर मला आजच कळतं. पाहुण्याने बूट काढले की मी चहाचं निमित्त करून आत जाते. लोकांना याची गंमत वाटते, मला वाटत नाही. ज्याला वास जास्त येतो त्याला किळसही जास्त येते, आणि माझं निम्मं आयुष्य किळस करण्यात गेलं आहे.

त्यात नोकरी मिळाली तीही अशी की देवाने मुद्दाम खोडी काढावी. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका खाजगी प्रयोगशाळेत मी काम करते. पिकांवरच्या किडी मारायला हल्ली जिवंत जंतू वापरतात, काही जिवाणू, काही बुरश्या. अळीने ते पानाबरोबर खाल्ले की अळी मरते. ते जंतू माणसाच्या पोटात, डोळ्यांत, फुप्फुसात गेले तर काय होईल, हे बाजारात येण्याआधी कुणीतरी पाहायला लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी आणि माझ्यासारखे चार-दोन लोक.

रसायनाचं एक बरं असतं. ते अंगात गेलं की काय करायचं ते करतं आणि विरून जातं. जंतू जिवंत असतो. त्याला अंगात जागा आवडली तर तो मुक्काम ठोकतो, संसार थाटतो. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो की हा शरीराच्या उबेत वाढतो का. मग पांढऱ्या उंदरांना तो तोंडावाटे देतात, श्वासनळीतून फुप्फुसात सोडतात, शेपटीच्या शिरेतून रक्तात घालतात. काही दिवसांच्या अंतराने उंदरांची काळजं, प्लीहा, फुप्फुसं काढून वाटायची, तो लगदा बशीत पसरायचा आणि जंतू किती उरले ते पाहायचं. दर खेपेला कमी होत गेले तर शरीर त्यांना हाकलून देतंय असं समजायचं. शिवाय बाटलीत सांगितलेल्या जंतूखेरीज दुसरे कुणी बिनबोलावलेले शिरलेत का, तेही पाहायचं. हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं आहे, आणि अजूनही घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मी पाण्याचा पेला उचलत नाही. वाटलेल्या काळजाचा वास साबणाने जातो, पण डोक्यातून जायला जेवणाची वेळ टळावी लागते.

तरी या कामाची मला इतकी किळस कधी आली नाही जितकी ‘जैविक’ या शब्दाची आली. हा शब्द उच्चारला की माणसं डोकं बाजूला काढून ठेवतात. जैविक आहे म्हणजे निर्धोक, नॅचरल आहे म्हणजे गुणकारी. कॉलरा काय कारखान्यात तयार होतो? गोवर काय रसायन आहे? नीट तपासलेली, ज्याचं कूळ-मूळ माहीत आहे अशी जैविक औषधं मी स्वतः मंजुरीला पाठवली आहेत, आणि ती चांगली आहेत, रासायनिक विषापेक्षा कितीतरी चांगली. पण ती चांगली आहेत कारण कुणीतरी उंदरांची काळजं वाटून पाहिली. नुसत्या नावाने काहीच चांगलं होत नाही. हे माझं घरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगून झालं आहे, आणि लोक ‘हो का’ म्हणून दुसरी जिलबी घेतात.

आता दादाचं सांगते. माझा थोरला भाऊ बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत राहतो. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, दादा बसच्या डेपोत लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं मधुमेहाने खाल्ली. बरीच वर्षं डायलिसिसवर काढल्यावर वहिनीने स्वतःची किडनी त्याला दिली. आमच्या घरात कुणी तिला सुचवलं नव्हतं. एके दिवशी ती स्वतःच तपासण्या करून आली आणि कागद टीव्हीवर ठेवून भाकऱ्या थापायला बसली. ऑपरेशननंतर दादाचा चेहरा उजळला, पायाची सूज गेली, तो पुन्हा मासळीबाजारात जाऊन कोळणींशी हुज्जत घालायला लागला. वहिनी मात्र त्या किडनीची इतकी काळजी घ्यायची की जणू ती सासरी दिलेली लेक आहे. त्याने पाणी किती प्यायलं, गोळी वेळेवर घेतली का, बाहेरचं काही खाल्लं का, यावर तिचा सतत डोळा.

तो डोळा असण्याला कारण होतं. परकी किडनी शरीराने हाकलून देऊ नये म्हणून त्याला जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्यायच्या होत्या. सोसायटीच्या वॉचमनला झोपेची गोळी द्यावी तसं हे असतं. पाहुण्यावर तो खेकसणार नाही हे खरं, पण चोर आला तरी तो उठणार नाही. दादाला हे मी याच शब्दांत समजावलं होतं आणि ते त्याला इतकं आवडलं की येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, माझा वॉचमन झोपलाय, लांब बसा. तोंडाला मास्क लावून फिरायचा. कच्ची कोशिंबीर बंद, उसाचा रस बंद, पाणीपुरी तर वहिनीने नजरेनेच बंद केली.

त्यांच्या सोसायटीत प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं की सत्यनारायण असतो. मुंबईत निम्म्या सोसायट्यांत असतो. सेक्रेटरी सोवळं नेसून यजमान होऊन बसतात, लाउडस्पीकरवर कथा होते, मग तीर्थ, मग शिरा. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर बाग करायचं फॅड निघालं होतं. वांगी, मिरच्या, कढीपत्ता. त्यांच्यावर अळी पडली, पिठ्या ढेकूण पडला, आणि सेक्रेटरींनी कुठूनसा एक विक्रेता शोधून काढला. कांदिवलीला त्याचा एक गाळा होता आणि त्या गाळ्यात तो ड्रममध्ये जैविक औषध ‘तयार करायचा’. गूळ, ताक, बेसन आणि कुठूनतरी आणलेलं जिवाणूंचं विरजण. पूजेला सगळी सोसायटी एकत्र येते, तेव्हाच याची जाहिरात करावी म्हणून गेल्या वर्षी सेक्रेटरींनी त्याला टेबल मांडून दिलं. ते टेबल तीर्थाचं टेबल आणि शिऱ्याचं टेबल यांच्या बरोबर मधे मांडलं.

मी घाटकोपरहून निघून पोहोचेपर्यंत आरती संपली होती. तीर्थासाठी रांग लागली होती, मी तिच्या शेवटी उभी राहिले. दादा पुढच्या खुर्चीत मास्क लावून बसलेला दिसला, वहिनी पलीकडे शिरा वाटत होती. भटजींनी पळीने तीर्थ दिलं. मी ते घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि पुढे सरकले. पुढे पुन्हा कुणीतरी पळी पुढे केली आणि सवयीने माझा हात पुन्हा पसरला. तळहातात पांढरट-पिवळसर पातळ काहीतरी आलं. पंचामृतासारखंच दिसणारं.

मी प्यायले नाही ते माझ्या शहाणपणामुळे नाही, माझ्या नाकामुळे. तळहात तोंडाजवळ येण्याआधीच वास आला. नासलेलं ताक, ओलं गोणपाट आणि त्याच्याही खाली आमच्या प्रयोगशाळेत पिंजरे धुतात तिथला वास. मी तळहात लांब धरला. मी त्या पळीवाल्याला विचारलं, हे काय आहे. तो हसून म्हणाला, ताई, हे झाडांचं औषध, एकदम जैविक, लहान मूल प्यायलं तरी चालेल, बघा मी पण प्यायलोय, सेक्रेटरीसाहेब पण प्यायलेत.

आणि खरंच सगळे पीत होते. ज्यांना ऐकू आलं होतं ते ‘बघू तरी’ म्हणून हसत पीत होते. ज्यांना लाउडस्पीकरमुळे ऐकू आलं नव्हतं ते तीर्थ समजून पीत होते, डोळे मिटून, आणि उरलेला ओला हात केसांवरून फिरवत होते. पुढच्याने हात पसरला, प्यायला, कपाळाला लावलं, की मागच्याला विचारायची गरजच पडत नव्हती. मी त्याला म्हटलं, अरे पण पळीने का देतोयस? तर म्हणाला, चमच्याने दिलं असतं ताई, पण एकच चमचा सगळ्यांच्या तोंडाला लागला तर उष्टं होतं, म्हणून साहेबांनी पूजेतली जास्तीची पळी दिली.

त्या वाक्यावर मला अजूनही उमासा येतो. उष्टं होईल म्हणून काळजी! शेजाऱ्याची लाळ नको, पण कांदिवलीच्या गाळ्यातल्या ड्रमचं पाणी चालेल. मी सेक्रेटरींना बाजूला घेतलं आणि हे ताबडतोब बंद करा असं सांगितलं. याचा नोंदणी क्रमांक कुठे आहे, जिवाणूचं कूळ कुठलं, कुणी तपासलं, असं विचारत गेले. ते सोवळ्यात होते आणि मी त्यांना शिवेन की काय या भीतीने मागे मागे सरकत होते. म्हणाले, तुम्ही लॅबवाले सगळ्यात जंतूच बघता. मी म्हटलं, कारण सगळ्यात असतातच. मग मात्र ते टेबल उचललं गेलं, थोडं कुरकुरत. नमुन्याची एक बाटली मी पर्समध्ये टाकली.

आणि तडक दादाकडे गेले. वाकून त्याच्या कानाशी विचारलं, “तू त्या मधल्या टेबलावरचं औषध घेतलंस का?”

तो मास्कच्या आड हसला. “माका कित्याक होया झाडांचा औषध? तीर्थ घेतलंय फक्त.”

मला हायसं वाटलं. वहिनीला खूण केली, तिनेही मान डोलावली, म्हणजे तिच्या हातचा शिरा त्याने बेताने खाल्ला होता. मी त्या दिवशी शिरा न खाताच घरी आले, कारण त्या वासानंतर तूपही घशाखाली उतरेना.

पुढच्या आठवड्यात मी ती बाटली प्रयोगशाळेत उघडली. ग्राहकाचा नमुना नव्हता, म्हणून आमच्या लॅबच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण वास आल्यावर तेच म्हणाले, लवकर आटप आणि टाकून दे. लेबलवर अळीमार जिवाणूचं छान लांबलचक नाव होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बशीत वाढलं ते काय वाढलं! आतड्यात राहणारे जंतू भरपूर, ते जनावराचे की माणसाचे हे त्या गाळ्यालाच ठाऊक. आणि त्यांच्यामध्ये मोठे, चपटे, निस्तेज डाग, काठ झिजलेले. ते डाग म्हणजे वाढलेले जिवाणू, बॅसिलस घराण्यातले. याच घराण्यात अळ्या मारणारा गुणी भाऊ आहे आणि शिळ्या भातातून माणसाला ओकाऱ्या आणणारा वाया गेलेला भाऊही आहे, आणि दोघं दिसायला सारखे. हे शरीराच्या उबेत झपाट्याने वाढले. रक्त घातलेल्या बशीत वाढवले तर प्रत्येक डागाभोवती रक्त विरघळून पाण्यासारखं स्वच्छ कडं पडलं. मी ती बशी उजेडात धरून उभी होते आणि मला त्या सोसायटीतले डोळे मिटलेले चेहरे दिसत होते. मी वहिनीच्या फोनवरून सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. खाली चार हात जोडलेली चित्रं आली, एक गुलाबाचं फूल आलं, आणि सेक्रेटरींनी लिहिलं की कृपया नकारात्मकता पसरवू नये.

कुणाला काही झालं नव्हतं, हे खरं होतं. दोन-तीन मुलांना जुलाब झाले, तेही शिरा जास्त खाल्ल्याने असं ठरलं.

मग दादाला ताप आला. आधी थंडी वाजून, मग सारखाच. वहिनीने त्याच दुपारी त्याला इस्पितळात नेलं. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला, नेहमीचं प्रतिजैविक सुरू केलं. ताप हलेना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या, रोज येऊन तेच विचारायच्या: बाहेरचं काही खाल्लं का, दुसरं कुठलं औषध घेतलं का. दादा रोज तेच सांगायचा की काही नाही, पूजेचं तीर्थ आणि चमचाभर शिरा, एवढंच. तो खोटं बोलत नव्हता. वहिनीही शपथेवर तेच सांगत होती.

मी ऑफिसातून मेट्रोने थेट तिकडे जायची. त्या वॉर्डचाही एक वास होता, फिनेल, शिळी पेज आणि घामट उशा, आणि त्यात माझा भाऊ पडलेला. एके संध्याकाळी रक्ताच्या कल्चरचा अहवाल आला. वहिनीने माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं, ‘बॅसिलस जातीचे जिवाणू, बहुधा बाहेरून मिसळलेले.’

हे वाक्य मला पाठ आहे. रक्ताच्या नमुन्यात बॅसिलस सापडला की बहुतेक ठिकाणी हेच लिहितात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. तो धुळीत असतो, कातडीवर असतो, सुई टोचताना मिसळतो. तो खरा गुन्हेगार असेल असं कुणी मानत नाही, कारण धडधाकट माणसाच्या रक्तात तो टिकत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ती चपट्या डागांची बशी आली. मी पलंगाच्या कडेला बसले आणि दादाला म्हटलं, पूजेच्या दिवशी तू जागेवरून उठल्यापासून परत बसेपर्यंत काय काय केलंस ते मला सांग. सगळं सांग.

तापाने त्याचे ओठ फुटले होते. तो हळूहळू सांगत गेला. चपला काढल्या. देवाला नमस्कार केला. मास्क खाली ओढला. तीर्थ घेतलं. मग म्हणाला, “तीर्थ दोनदा दिल्यानी. दुसरा आंबट होता. पण तीर्थाक नाय कसा म्हणतलंय?”

वहिनीने हातातली पाण्याची वाटी खाली ठेवली.

मी त्याला औषधाबद्दल विचारलं होतं, आणि त्याने औषध घेतलंच नव्हतं. त्याच्या लेखी त्याने दोन वेळा तीर्थ घेतलं होतं, एवढा मान कुणाला मिळतो? डॉक्टरांनीही औषधाबद्दलच विचारलं. आपल्या भाषेत विषालाही औषध म्हणतात आणि गोळीलाही औषध म्हणतात, पण पळीतून तळहातावर पडतं ते फक्त तीर्थ. मला त्या क्षणी त्या भाबडेपणाचा इतका राग आला की मी उठून बाहेर बोळात गेले. भिंतीला टेकून उभी राहिले. मग परत आत आले, कारण रागावून भागणार नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. बाटली, बशी, दुसरं तीर्थ. त्यांनी शांतपणे ऐकलं, आमच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी मागवल्या, पुन्हा रक्त घेतलं. त्यातही तोच वाढला. दोनदा वेगळ्या हातांतून तोच जंतू बाहेरून मिसळणार नाही. त्यांनी औषध बदललं. बाटलीतला आणि रक्तातला तोच एक होता का, हे शेवटपर्यंत कुणी सिद्ध केलं नाही, त्याला लागणाऱ्या बारीक तपासण्या कुणी केल्या नाहीत. मला त्याची खात्री आहे, पण खात्री आणि पुरावा यांत फरक असतो हे शिकवूनच मला पगार मिळतो.

ताप उतरला. पण त्या सगळ्या दिवसांत, जंतूंशी लढायला शरीर जागं व्हावं म्हणून, डॉक्टरांना दादाच्या त्या गोळ्या कमी कराव्या लागल्या होत्या. वॉचमन जागा झाला. त्याने चोराला धरलं आणि पाहुण्यालाही धरलं. किडनी सुजली. लघवी कमी होत गेली, पायावर पुन्हा बोटाने खड्डा पडायला लागला. जे जे करायचं ते सगळं केलं त्यांनी. शेवटी डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं की ती किडनी आता काम करणार नाही. वहिनीने पदर नीट केला, त्याच्या जेवणाचं विचारलं आणि आत गेली. तिचा हात मात्र जाता जाता डाव्या कुशीवर गेला, जिथे तिचा टाके घातलेला व्रण आहे.

दादा पुन्हा डायलिसिसवर आला. दिवसाचं पाणी मोजून. चहा अर्धा कप.

सोसायटीची मीटिंग झाली तिला मी दादाच्या वतीने मुद्दाम गेले होते. वाद घालायला मला नेहमीच आवडतं, त्या दिवशी मात्र आवडलं नाही. विक्रेता गाळा बंद करून पसार झाला होता. सेक्रेटरी म्हणाले, जे झालं ते फार वाईट झालं, पण एक लक्षात घ्या, आम्ही सगळेच प्यायलो होतो. आम्हाला कुणाला काही झालं नाही. शेवटी ज्याची त्याची प्रकृती. आणि लोकांनी माना डोलावल्या. जणू दादाने एक बेजबाबदार प्रकृती सोसायटीत आणून ठेवली होती आणि त्यामुळे सगळ्यांच्या नावाला बट्टा लागला.

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडेही हाच घोळ असतो. आम्ही उंदीरही धडधाकटच घेतो. ते तगले की लिहितो, निरोगी व्यक्तीस धोका संभवत नाही. अहवालात ‘ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी दूर राहावे’ अशी ओळ घालायला मी दर वेळी भांडते आणि साहेब दर वेळी म्हणतात, तेवढी लेबलवर बारीक अक्षरात टाकू. पण त्या खोलीत कुणाला उंदीर ऐकायचे नव्हते. कुणीतरी पंखा वाढवला, कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. मी घरी येऊन आंघोळ केली.

यंदा पुन्हा झेंडावंदन झालं, पुन्हा सत्यनारायण झाला. दादा वर घरातच होता, आदल्या दिवशीच्या डायलिसिसने गळून गेलेला. मला वाटलं होतं वहिनी खाली उतरणार नाही. पण तिने काठाची साडी नेसली आणि म्हणाली, चल गो, देवाचा काय चुकला? आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. या वेळी मधलं टेबल नव्हतं. गेल्या खेपेची बोंब झाल्यामुळे असेल, तीर्थ द्यायला भटजींच्या शेजारी सेक्रेटरी स्वतःच उभे होते, हसून, प्रत्येकाची विचारपूस करत.

वहिनीने उजवा तळहात पुढे केला. पळीभर तीर्थ पडलं. तिने हात वर नेला, पण ओठांशी नाही. नाकाशी नेला आणि डोळे उघडे ठेवून वास घेतला.

माझी वहिनी! जी देवाच्या फुलांचाही कधी वास घेत नाही, जी अंघोळ केल्याशिवाय देव्हाऱ्याचं दार उघडत नाही. आईने पाहिलं असतं तर तिला काय वाटलं असतं कोण जाणे. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं.

“वहिनी, हे पूजेचंच आहे,” ते म्हणाले. “शंका नको. मागचं जे झालं ते त्यांच्या प्रकृतीमुळे.”

वहिनी तळहात तसाच धरून होती, एक थेंबही न सांडता.

“प्रकृती त्यांची होती,” ती म्हणाली. “किडनी माझी होती, साहेब. तिला काही झालेलं नव्हतं.”

मग तिने तीर्थ घेतलं, हात केसांवरून फिरवला आणि दादासाठी तुळशीचं एक पान मागून घेतलं, फक्त ओलं केलेलं, कारण त्याचं आजचं पाणी आधीच मोजून झालं होतं. आम्ही शिऱ्याच्या टेबलाकडे वळलो. मी मागे वळून पाहिलं तर आमच्या मागच्या बाई हातात तीर्थ घेऊन थांबल्या होत्या, आणि त्यांचा तळहात हळूहळू नाकाकडे चालला होता.